कच्चा रंग

शिवकुमारनं तिसरी प्रिंट काउंटरवर ठेवली आणि सिद्धम्मानं ती बोटाच्या टोकानं परत ढकलली.

"ही बी न्हाई बाबा. माझी त्रिवेणी लय काळी होती."

पाथरीच्या बसस्टँडसमोर बारा वर्षं फोटो-झेरॉक्सचं दुकान चालवून शिवकुमारनं अशी मागणी ऐकली नव्हती. लोक येतात ते उजळ करून मागायलाच. हीच बाई उन्हाळ्यात देवगाव फाट्यावरून लेकीला घेऊन आली होती, स्थळासाठी बायोडाटा करायला. "जरा उजळ करा," म्हणाली, आणि यानं पोरीचा चेहरा पार दुधात धुतल्यागत केला. स्टुलावर बसलेली त्रिवेणी स्क्रीनकडं बघून म्हणाली होती, "ही कोण हाय, दादा?" तो हसला होता. वर मूळ फोटोवरच सेव्ह मारून बसला, गाढवासारखा; खऱ्या रंगाचा फोटो कायमचा पुसला गेला.

पाहुणे बघायला आले. पोराची आई दारातच म्हणाली, "फोटोतली पोरगी कुठाय?" चौथ्या दिवशी त्रिवेणी विहिरीत सापडली. मोबाइलही तिच्यासोबतच गेला. उद्या तिची शिवगण आराधना, म्हणजे दिवसकार्य होतं आणि पूजेत ठेवायला घरात फोटो नव्हता.

"आधार कार्डावरचा चालंल का?" त्यानं विचारलं.

"त्यात ती धा वर्षांची हाय."

तो पुन्हा रंगांशी झटू लागला. काळा वाढवला की चेहरा राखेसारखा व्हायचा, लाल वाढवला की सुजल्यासारखा. आपल्याच हातानं घालवलेला रंग आता आणायचा कुठून? मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं. ड्रमवर उजेडानं चेहरा काढतं, जो कुणाला दिसत नाही. मग रोलर पावडर आणून देतो आणि ती नेमकी त्या चेहऱ्यालाच चिकटते, बाकी जागा कोरी राहते. असे चार रंग एकावर एक बसतात आणि शेवटी हीटर त्यांना भाजून पक्कं करतो.

चौथा कागद हीटरच्या तोंडाशीच अडकला. शिवकुमारनं झाकण उघडून तो अलगद ओढून काढला.

"हात लावू नका मावशी, कच्चा हाय. नुसती पावडर बसलीय."

पण आईचा हात तो, ऐकतोय कुठला! कपाळावर भस्म ओढावं तशी तिनं त्या गालावरून तीन बोटं फिरवली आणि गाल पुसला गेला. अर्धा डोळाही गेला. आता ही हंबरडा फोडणार, असं वाटून शिवकुमारनं कागद मागं ओढला.

सिद्धम्मा बोटं दाराच्या उजेडात धरून बघत राहिली. चारी रंग मिसळून तिथं काळसर तपकिरी थर बसला होता.

"ह्यो," ती म्हणाली. "ह्यो रंग हाय तिचा."

शिवकुमारनं हातातला कागद खाली ठेवला. "मावशी, माझं लय चुकलं. मी तवा..."

"तू काय करणार बाबा? उजळ कर म्हणून मीच सांगितलं की."

त्यानं पुसायला कापड पुढं केलं. तिनं घेतलं नाही. परत ढकललेली ती तिसरी प्रिंट उचलून तिनं न बघताच पिशवीत घातली.

बाहेर फाट्याची जीप भरत आली होती.

"मावशी, दोनी हातानं धरा, पडताल!" ड्रायव्हर ओरडला.

सिद्धम्मा डाव्या हातानं दांडी धरून कशीबशी वर चढली. उजवी मूठ तिनं उघडली नाही.