खालच्या कप्प्यातली बाटली

आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा गेली बारा वर्षं शहराच्या तळ्याचा आहे. बायको नगरसेविका झाली तेव्हा त्या तळ्यात अर्ध्या शहराचं सांडपाणी पडायचं. तिने नाले वळवले, गाळ उपसला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्याच शिव्यांवर महापौर झाली. दर महिन्याला ती तळ्याच्या दोन बाटल्या भरते. एक प्रयोगशाळेला, दुसरी आमच्या फ्रिजमध्ये, उद्या कुणी वाद घातलाच तर दाखवायला. वरचा कप्पा आपला, खालचा तळ्याचा, हे तिने मला शंभरदा बजावलंय.

पण मी निवृत्त पोस्टमन, रिकामटेकडा माणूस. त्या दिवशी फ्रिज पुसायची हुक्की आली आणि सगळ्या बाटल्या मी वरच ठेवून दिल्या. दुपारी विरोधी पक्षनेते घरी आले. तळं बुजवून पार्किंग करायचं, हा त्यांचा ठराव दुसऱ्या दिवशी मतदानाला होता आणि मतं त्यांच्या बाजूने झुकली होती. बायको त्यांची मनधरणी करत होती, म्हणून मी सरबत केलं. साहेबांनी दोन ग्लास रिचवले, पण मत काही बदललं नाही.

संध्याकाळी बायकोने फ्रिज उघडला आणि मटकन खालीच बसली. "अहो, तळ्याची बाटली अर्धी कशी?"

सरबताला मी तीच बाटली वापरली होती. "त्यांना कुठे कळायचंय," मी पुटपुटलो.

"लपवायचं? मग मी कसली महापौर?" तिने सरळ फोन लावून खरं ते सांगितलं. पलीकडचा आरडाओरडा मला खुर्चीत ऐकू येत होता.

फोन ठेवून ती भिंतीकडे बघत राहिली. प्रयोगशाळेचा अहवाल सकाळी यायचा होता. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःचीच चीड आली. उरलेली बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"तूच म्हणतेस ना, तळं स्वच्छ झालंय."

"पिण्याइतकं, असं कधी म्हटलं मी?"

"हे आधी सांगायचं होतंस," मी म्हणालो.

सकाळी मी ठणठणीत होतो. अहवालही चांगला आला. तरी सभागृहाच्या गॅलरीत बसलो तेव्हा माझी नजर दारावरून हटत नव्हती. पक्षनेते उशिरा आले, आणि आले ते सरळ बोलायलाच उभे राहिले.

"काल मला तळ्याचं पाणी पाजलं," ते म्हणाले. सभागृहात खसखस पिकली. "पोटाला काही झालं नाही. पण ते महत्त्वाचं नाही. यांनी फोन केला नसता तर मला जन्मात कळलं नसतं. जी बाई हे लपवत नाही, ती अहवालात काय खोटं लिहिणार? ठराव मागे घेतो."

हुश्श. बारा वर्षांचं ओझं उतरलं माझ्या डोक्यावरून, तिच्या तर उतरलंच असणार.

घरी आल्यावर ती खुर्चीत पाय पसरून बसली. "काय देऊ?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "नळाचं."

आणि हसता हसता ती रडायला लागली. मग मलाही आवरेना.