दोनाने भागायचे डोळे

मासळीबाजाराच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गावात आलेल्या चमत्कारी बाबांनी बोटाएवढ्या माशाचं पोट नखानं फाडलं, आतला लगदा पांढऱ्या बशीतल्या पाण्यात ढवळला आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. बशीभर टाचणीच्या टोकाएवढे काळेभोर डोळे!

"बुडालेल्यांचे डोळे! घर शोधतायत!" बाबा गरजले. "जिची ओढ खरी, तिनं अन्न सोडावं. नवव्या दिवशी माणूस दारात!"

माणसाचे डोळे आटून टाचणीएवढे कसे झाले, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पुढे वहिनी बसली होती. उपासाचा सहावा दिवस. तिला मानही धरवत नव्हती. मागे तिची नणंद उभी होती. ती प्रयोगशाळेत माशांनी काय खाल्लं ते तपासायची, म्हणून सगळे तिला भिंगवाली म्हणत. तिच्या दादाची, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची, होडी बुडाल्यापासून तिला ना रडू आलं होतं, ना राग. आतून सगळं बधिर होतं. पण सकाळी वहिनीला तपासून डॉक्टरांनी बजावलं होतं, "आणखी दोन दिवस असंच चाललं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

ती पुढे झाली. सोबतच्या बाटलीतला मासा तिनं चिरला, बशीत ढवळला. तसेच डोळे.

"पाहिलंत? इथंही आले!" बाबा खूश.

"वहिनी, बाटलीवरची चिठ्ठी वाच."

वहिनीनं अक्षर ओळखलं. तपासायचे मासे दादाच आणून द्यायचा, चिठ्ठीही तोच लिहायचा. तारीख होडी बुडायच्या महिनाभर आधीची होती.

"तेव्हा दादा आपल्यासोबत जेवत होता. मग हे डोळे कुणाचे?"

"दुसऱ्या कुणाचे असतील," बाबा पुटपुटले.

"असतील. पण या दुसऱ्याला मिशा कशा?" तिनं अर्धवट पचलेला एक कण भिंगाखाली धरला. "बघ वहिनी. कोळंबीसारखा जीव आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. अंग विरघळतं, डोळे लवकर पचत नाहीत. आम्ही रोज ते मोजतो आणि दोनाने भागतो. माशानं किती जीव खाल्ले, ते कळतं."

भिंग हातोहात फिरू लागलं, तसा बाबांनी काढता पाय घेतला.

"घरातलं माणूस गेलं की डोकं चालत नाही," भिंगवाली लोकांना म्हणाली. "माझंही चालत नव्हतं. पण कुणी चमत्कार दाखवला, तर एवढं तरी विचारा, जवळून बघू का?"

वहिनीनं तिचा हात धरला. "म्हणजे ते येणार नाहीत?"

"नाही. दादा गेला."

इतक्या दिवसांत तिनं हे पहिल्यांदाच म्हटलं. रडू तरीही आलं नाही.

वहिनीनं चिठ्ठीवरच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला काहीतरी खायला दे."