रंगपंचमीचं फेशियल

समोर येऊन कुणी आमच्या पूर्वाला नावं ठेवली असती, तर मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण ह्या मेल्यांना तोंडच नव्हतं, भांडणार कुणाशी?

पूर्वा माझी नणंद. छत्रीबागेत तिचं छोटंसं पार्लर. 'ओटला' हे आम्हा इंदूरवाल्यांचं लहानसं ॲप. गल्लीतल्या खबरी, भाड्याची घरं, हरवलेली कुत्री, असं काहीबाही त्यावर. तिथं अचानक रोज कुणीतरी लिहू लागलं, 'पूर्वाकडे चेहरा जळला. मग राजवाड्याच्या नव्या पार्लरमध्ये गेले, क्या बात!' नावं वेगवेगळी, रडगाणं एकच. पूर्वाचं गिऱ्हाईक आटलं.

"वहिनी, बोर्ड उतरवते आता," ती म्हणाली. "नोकरी बघते कुठंतरी."

"खबरदार!" मी तिला दटावलं.

ॲप चालवणाऱ्या मानसला धरलं. तो म्हणाला, "शैलजाजी, ही भाड्याची बॉट खाती वाटतात, मागं माणूस नाही, मशीन लिहितं. पण पुरावा तो चाहिए ना! नुसत्या संशयावर कशी उडवू?"

धुळवडीला ती सगळी खाती चिडीचूप होती. शहाणी! सुट्टी पाळली. मग आली रंगपंचमी. आमच्या इंदुरात खरी होळी त्या दिवशी, हे परगावच्याला काय ठाऊक! राजवाड्यावर गेर निघते, म्हणजे रंगाची मिरवणूक. टँकरमधून रंगाचे फवारे, दुकानांवर ताडपत्र्या, मुंगीला शिरायला जागा नाही. पूर्वा नको नको म्हणत होती, मीच तिला ओढत नेलं. दोघी हिरव्यानिळ्या होऊन नाचत होतो, तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजला. ओटल्यावरची नवी पोस्ट वाचली आणि मी किंचाळलेच.

'आत्ताच पूर्वाच्या पार्लरमधून चेहरा बिघडवून आले. मग राजवाड्यासमोर कार लावली, नव्या पार्लरमध्ये निवांत फेशियल केलं. काय उजळला चेहरा!' खाली इतर खात्यांचं 'मीपण, मीपण'.

"अगं बाई! कार? आज? इथं?" पूर्वा भर रस्त्यात पोट धरून खाली बसली. किती दिवसांनी हसली पोरगी!

मी आम्हा दोघींचा फोटो काढून तिथंच चिकटवला. 'पार्लरवाली माझ्या शेजारी नाचतेय. ताई, तुमची कार दाखवा की!'

मग काय, अख्खा ओटला तुटून पडला. जवळच्या बेटम्याहून गेर बघायला आलेले आमचे वासुदेवकाकासुद्धा! जो तो आपलं रंगलेलं थोबाड टाकून विचारतोय, 'भिया, पार्किंग किधर मिली?' मानसनं गर्दीत उभ्या उभ्या, रंगल्या हातांनी सगळी खाती उडवली.

संध्याकाळी नव्या पार्लरच्या मालकाचा फोन. "मॅडम, जाहिरातवाल्या एजन्सीनं केलं ते. फोटो काढून टाका ना, प्लीज."

"काढू? फ्रेम करून लावीन!" मी फोन आपटला.

सकाळी छत्रीबागेत गेले तर पूर्वाच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत बायका. कुणाच्या केसांतला रंग निघत नव्हता, कुणाच्या मानेवरचा. मी घरची म्हणून ऐटीत पुढं घुसले.

"ओ वहिनी, लाइनीत या!" पूर्वा आतून ओरडली.

मी मुकाट्यानं मागं जाऊन उभी राहिले. देवाशप्पथ सांगते, रांगेत उभं राहून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.