वरच्या मजल्यावरचे दोघे

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा आमचा आग्रहही नाही. पण एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत एका शनिवारी एक बाई इतकी रडली, की नुकतीच इस्त्री झालेली चादर पुन्हा धुवायला टाकावी लागली. चादरही साधीसुधी नव्हे. ऑपरेशनच्या टेबलावरची, जाड हिरवी, बादलीभर पाणी पिऊन कोरडी दिसणारी. ती भिजली.

"अगं, कोण गेलं?" समोरची दोन टोकं धरून उभ्या असलेल्या काकू घाबरून म्हणाल्या.

रडणारीला सगळे घडीताई म्हणत. बावीस वर्षं ती चादरींच्या घड्या घालत होती. हे काम एकटीचं नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, चादर झटकायची, दुमडायची, चालत जवळ यायचं, आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची आणि पुन्हा मागे जायचं. दिवसाला चारशे चादरी. म्हणजे घडीताई आणि काकू दिवसातून निदान चारशे वेळा एकमेकींच्या नाकाला नाक लागेपर्यंत जवळ येत. अशा जागी रडणं लपत नाही.

आता खरं कारण काय सांगणार? थायलंडमधल्या एका मालिकेतल्या, एकमेकांवर जीव टाकणाऱ्या दोन मुलांची अकराव्या भागात ताटातूट झाली, म्हणून? एकोणपन्नास वर्षांच्या बाईने?

"आमच्या वरच्या मजल्यावर दोन मुलं राहतात," घडीताईच्या तोंडून निघून गेलं. "एकत्र राहतात. म्हणजे... जोडीनं. काल त्यांचं बिनसलं."

काकूंच्या हातातलं टोक सुटलं. पण कोपऱ्यात फाटक्या चादरींना ठिगळं लावणाऱ्या शिवणवालीने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि स्टूल ओढत जवळ आली.

"जोडीनं? अय्या! सांगा ना, ताई, नीट सांगा."

झालं. बावीस वर्षांत घडीताईला पहिल्यांदाच कोणीतरी "सांगा ना" म्हणालं होतं.

घरी तिला "ऐकतेस ना" असं म्हणत. घर भावाचं. त्यात भाऊ, वहिनी आणि अकरा वर्षं अंथरुणावर असलेली आई. आईची कूस दर दोन तासांनी बदलायची. घडीताई कामावर असेल तेव्हा वहिनी बदले आणि त्या उपकारांची उजळणी संध्याकाळी होई. लाँड्री पाचला सुटे, घर वीस मिनिटांवर. पाच वाजून एकवीस मिनिटांनी फोन वाजे: "पोचली नाहीस का अजून?" येताना एक चौक लागतो. तिथे उजवीकडे वळलं की घर. डावीकडे वळलं की काय लागतं, हे घडीताईला फक्त ऐकून ठाऊक होतं.

त्या घरात आतून कडी लावता येईल अशी एकच जागा होती, न्हाणीघर. वॉशिंग मशीनमधून घरघर आवाज का येतो हे फोनवर शोधता शोधता दोन वर्षांपूर्वी तिच्यासमोर एका छत्रीखाली उभी असलेली दोन मुलं आली. मशीन आजही घरघरतंय, पण ती मुलं काही गेली नाहीत. बादली पालथी घालून ती बसायची, नळ सोडायची, एका कानात इअरफोन, दुसरा कान वहिनीसाठी मोकळा, आणि तोंडात टॉवेलचं टोक, कारण तिला गप्प बसून बघता येतच नसे.

"बोल की मेल्या! सात भाग झाले, नुसती छत्री धरून उभा आहेस!" ती टॉवेलमधून ओरडे. किंवा, "तापानं फणफणलाय म्हणे, आणि ओठांना लाली बघा!" एकाने खाली बसून दुसऱ्याच्या बुटाची नाडी बांधली, तो प्रसंग तिने सतरा वेळा मागे नेऊन पाहिला. सतराव्या वेळी नाडी सुटेल की काय असं वाटू लागलं. थायलंडची झाली, मग कोरियाची, तैवानची, जपानची. जपानची मुलं बारा भागांत एकदाच हात धरायची, तोही चुकून. पण तेवढ्यावर घडीताईचा आठवडा निघायचा. अकराव्या भागात गैरसमज, बाराव्यात समेट, हे तिला तोंडपाठ होतं. तरी दर अकराव्याला ती नव्याने रडायची.

"आत काय नदी आणलीयेस का?" वहिनी दार ठोके.

"डोकं धुतेय."

आठवड्यातून पाच वेळा डोकं धुऊन तिचे केस निम्मे झाले.

बायका-पुरुषांच्या मालिका तिने आधी पाहिल्या होत्या. त्यांत शेवटी बाई कोणाच्या तरी घरी जायची आणि तिथली होऊन बसायची. या दोघांत कोणी कोणाकडे नांदायला जात नव्हतं. एक भांडी घासे, दुसरा पुसे. तो भांडी पुसतानाचा तुकडा बघताना घडीताई टॉवेल चावायचंही विसरायची.

तर असे ते दोघे वरच्या मजल्यावर राहायला आले. एक डॉक्टर, एक बेकरीत पाव भाजणारा. चादरी चारशेच्या चारशे होत, उलट कधी कधी चारशे दहा, कारण जवळ आलं की गोष्ट पुढे सरके. शिवणवालीने तर ठिगळं लावायला मशीन उचलून या दोघींजवळ आणलं.

चुका झाल्या नाहीत असं नाही. ऐन उन्हाळ्यात घडीताई बोलून गेली, "काल दोघं गच्चीवर उभे होते, केसांवर नुसता बर्फ!"

शिवणवाली पदराने वारा घेत म्हणाली, "बर्फ? आमच्याकडे रात्रभर पंख्याखाली भाजलो की आम्ही."

"फ्रीज साफ करत होते," घडीताईने डोळ्याची पापणी न लववता सांगितलं. "गच्चीत नेऊन."

आणखी एकदा, तिकडच्या मालिकांतल्यासारखा धाकटा थोरल्याला लाडाने "दादा" म्हणतो, हेही तिने जसंच्या तसं सांगितलं.

"ईऽ! दादा म्हणतो आणि प्रेमात पडतो?"

"त्यांच्यात तसं असतं."

"त्यांच्यात म्हणजे कोणांत, ताई?"

"बेकरीवाल्यांत."

शिवणवाली हसून हसून ठिगळ उलटं लावून बसली. काकू मात्र हसत नसत. त्या ऐकत. साठीला आलेली, कमी बोलणारी बाई. घरी एकटीच. एका दुपारी चादर दुमडून जवळ आल्यावर त्यांनी टोकं सोडलीच नाहीत.

"त्यांच्या आया येतात का गं कधी?"

घडीताई गोंधळली. मालिकेत आया नव्हत्याच. मालिका लिहिणाऱ्याला आई सुचली नव्हती. दोन मुलं जणू बेकरीतच भाजून निघाली होती.

"येते ना," ती म्हणाली. "डॉक्टरची येते. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहिली. धाकट्यानं खुर्ची दिली, तर बसेना. म्हणाली, मी फक्त बघायला आले, जेवतोस का नीट. मग बसली. मग संध्याकाळपर्यंत उठली नाही."

काकूंनी मान हलवली. पुढच्या तीन चादरींच्या घड्या त्यांनी वाकड्या घातल्या. चौथीला जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "माझा मुलगा घर सोडून गेला, त्याला तीन वर्षं झाली. एका मित्राबरोबर राहतो. मित्र म्हणजे... तुझ्या वरच्यांसारखाच. मला सांगायला दोघं मिळून आले होते. मी दार लावून घेतलं."

घडीताईच्या हातातली चादर एवढी जड कधीच झाली नव्हती.

"मला एकदा ने ना तुझ्या वरच्यांकडे. काही विचारणार नाही मी. नुसतं बघायचंय. अशी माणसं खरंच राहतात ना गं? चारचौघांसारखी? लोक राहू देतात?"

आता काय करणार? खरं सांगावं, तर काकू म्हणणार, म्हणजे असं मालिकेतच असतं. आणि ते लावलेलं दार पुन्हा उघडायचं नाही. खोटं चालू ठेवावं, तर वरचा मजला आणायचा कुठून? भावाच्या घरावर होती एक पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या.

मग वरच्या दोघांना कांजिण्या झाल्या. कांजिण्या उतरल्यावर ते सहलीला गेले. परत आले तर घराला रंग द्यायला काढला होता. रंग वाळेना. इतका न वाळणारा रंग जगात दुसरा कुठे नसेल. घडीताई रोज नवी सबब जुळवत कामावर येई. घरी गेल्यावर न्हाणीघरात बसली, तरी पडद्यावरचे दोघे तिला काकूंच्या नजरेने बघताहेत असं वाटे. नव्या मालिकेचा बारावा भाग आला. समेट झाला. ती रडलीही नाही.

रविवारी दुपारी ती गच्चीवर आईच्या चादरी वाळत घालत होती. खाली गल्लीत काकू उभ्या. ठेवणीतले कपडे, हातात पत्ता लिहिलेला कागद. काकूंनी वर पाहिलं. टाकी पाहिली, दोऱ्या पाहिल्या, दोऱ्यांमध्ये उभी घडीताई पाहिली. बराच वेळ पाहिलं.

घडीताई जिना उतरून दारात आली.

"काकू, ते दोघं आत्ताच..."

"बाहेर गेले असतील," काकू म्हणाल्या. "रविवार आहे. पाणी देतेस?"

उभ्या उभ्याच त्या पाणी प्यायल्या. मग कागद पुढे केला. "मुलाचा पत्ता आहे. कुठे आलं गं हे?"

चौकातून डावीकडे. घडीताईने सांगितलं, पण तिथून पुढचं तिला सांगता येईना.

"तू चल ना माझ्याबरोबर. दारापर्यंत. मला एकटीला... मी जिना चढेन असं मला वाटत नाही."

घडीताईने चपलेत पाय घातला. एकच. आतून वहिनीचा आवाज आला, "अगं, तीन वाजले! आईची कूस कोण बदलणार, शेजारी?"

घडीताई तशीच उभी राहिली, एका पायात चप्पल. काकूंनी तिच्या त्या पायाकडे पाहिलं, भांडं परत दिलं आणि निघाल्या. त्या चौकात कुठे वळल्या हे दारातून दिसत नाही. गच्चीवरून दिसतं. पण गच्चीवर जायला वेळ नव्हता. आईची कूस बदलताना घडीताईने पहिल्यांदा आईला दुखवलं.

सोमवारी काकू नेहमीच्या वेळेला आल्या. तीस चादरी झाल्या, चाळीस झाल्या. घडीताई जवळ आली की त्या टोकं देत आणि मागे जात. गेल्या की नाही, हे तिला विचारता येईना. विचारण्याचा हक्कही तिने चप्पल काढली तेव्हाच गमावला होता.

शेवटी शिवणवालीलाच राहवेना. "ताई, आज वरच्यांचं काहीच नाही का? रंग वाळला का नाही अजून?"

घडीताईने पुढची चादर झटकली.

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "मी काल जाऊन आले त्यांच्याकडे."

मशीन थांबलं.

"तीन जिने आहेत. मी दोन ठिकाणी बसले. दार धाकट्यानं उघडलं. धाकटा म्हणायचं आपलं, टक्कल पडायला लागलंय त्याला."

घडीताई दचकली. तिच्या मुलांपैकी कोणालाही टक्कल नव्हतं. तिच्या मुलांचा केस तापातसुद्धा विस्कटत नसे.

"तो आत गेला, फडकं आणलं आणि खुर्ची पुसायला लागला. पुसलेलीच होती. तरी पुसतोय, पुसतोय. तेवढ्यात दुसरा आतून आला. बनियनवर. वाळलाय. मला बघून आधी शर्ट शोधायला पळाला, लहानपणी पळायचा तसा." काकूंनी चादर झटकली. "स्वयंपाकघर लहान आहे, पण नीट ठेवलंय. भांडी कोण घासतं विचारलं, तर दोघं एकदमच 'मी' म्हणाले. खोटारडे."

घडीताई दोन टोकं धरून चालत आली. काकूही आल्या. घडीताईच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं, पण आज चादर कोरडी होती आणि ती तशीच ठेवायची होती. काकूंनी आपली टोकं तिच्या हातात दिली आणि क्षणभर हात तिथेच राहू दिले.

"पुढच्या रविवारी ये म्हणालेत," काकू म्हणाल्या.

"काकू, चक्क थापा!" शिवणवालीने टाळी वाजवली. "तीन जिने कुठले? ताई आजारी होत्या तेव्हा हजेरीचा कागद घेऊन मीच गेले होते त्यांच्याकडे. अहो, त्या घरावर मजलाच नाहीये!"