पोत्याचा तिसरा कान

"एकच हाय," असं म्हणत गिरजाबाईंनी शेंगदाण्याचा लाडू आदेशच्या हातावर ठेवला आणि नातीला, पिंकीला, त्याच्यासमोर आणून बसवलं.

पाच वर्षांच्या आदेशनं लाडू बघितला, पिंकी बघितली, मग गिरजाबाईंचे डोळे बघितले. पाठ फिरवली आणि अख्खा लाडू तोंडात कोंबला. गाल फुगून पार कानांना भिडले.

"बघितलंस ना गो?" गिरजाबाई सुनेला म्हणाल्या. "ह्यो पोर आपल्या घरात रुजायचा नाय. उद्या निडीला सोडून ये त्याच्या आजीकडं. पिशवी भरून ठेव."

नूतनच्या हातातली परात तशीच राहिली. नितेशशी दुसरं लग्न करून ती आदेशला घेऊन सासरी जोह्यात आली होती. पिंकी नितेशच्या वारलेल्या बायकोची. नितेश कारखान्यात रोज गणपतींचे डोळे रेखायचा, पण आईसमोर त्याला स्वतःचे डोळे वर करता येत नसत. आणि आई तरी कशी? वालाची शेंग कानाशी हलवून आतले दाणे सांगणारी. जोह्यात तर म्हणत, शेंगा तिच्या धाकानंच भरतात.

नूतननं पोराला पडवीमागे ओढलं. "का रे दिला नाहीस तिला?"

"काल तिनं चिक्की मला दाखवून दाखवून खाल्लान." आदेशनं ओठ पुसले. "आणि तिला आजी देल की. तिची आजी हाय."

नूतननं पिशवीत त्याचे कपडे भरले आणि ती खुंटीला लावली.

संध्याकाळी शेतात पोपटी लावायची होती, मडक्यात शेंगा भाजायच्या होत्या. भांबुर्डीचा पाला आणायला गिरजाबाईंनी दोन्ही पोरांना बांधावर पिटाळलं. परत आली तेव्हा पोतं त्यांच्याहून मोठं होतं. एक कान आदेशच्या हातात, एक पिंकीच्या.

"नीट वढ ना गो!"

"मीच वढतंय! तू लोंबकळतोस नुसता!"

अर्ध्या वाटेत पोतं उलटलं. दोघं एकमेकांवर खेकसत पाला पुन्हा भरत बसली.

गिरजाबाईंनी मडक्यात पाला, शेंगा, बटाटे रचले आणि सगळ्यांना दिसेल असं एक अंडं ठेवलं. दरवर्षी माणशी एक असायचं.

"आई, अंडी अजून हायत घरात," नितेश पुटपुटला.

"ठावं हाय मला. शेवटचं बघते, मग कुणी बोलायचं नाय."

तोंड पाल्यानं गच्च बंद करून मडकं पालथं घातलं, भोवती पेंढा पेटवला. जाळ चढला. गिरजाबाईंनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं. पोपटी झाली.

मडकं रितं केलं आणि वाफेतून अंडं घरंगळत थेट आदेशच्या पायाशी आलं. नूतननं पोराला खुणवावं, तर सासूची नजर तिच्यावरच खिळलेली. आदेशनं अंडं सदऱ्यात गुंडाळलं आणि पेंढ्याच्या उडवीमागे पळाला.

"झालं," गिरजाबाई म्हणाल्या.

"आई, पिंकी कुठाय?" नितेशनं विचारलं.

गिरजाबाई तरातरा उडवीमागे गेल्या, मागोमाग नूतन. तिथं भांबुर्डीच्या पानावर अंड्याचे दोन तुकडे ठेवले होते. आदेश मोठ्या तुकड्यातला चिमूटभर बलक काढून लहानावर चिकटवत होता, पिंकी वाकून पहारा देत होती.

"हिला बरं दिलंस आता?" गिरजाबाईंचा आवाज चढला.

"तिनं पोतं वढलान ना!" आदेश वर न बघता म्हणाला.

"आणि मला रं?"

"तू कुठं वढलंस?"

नूतननं डोळे मिटून घेतले. आता जाळ इकडेच येणार. पण काहीच आलं नाही. डोळे उघडले तेव्हा गिरजाबाई पाठमोऱ्या, विझत्या आगीकडे चालल्या होत्या.

सकाळी नूतन उठली तर खुंटी रिकामी. ती अंगणात धावली. आदेशचे कपडे दोरीवर पिंकीच्या कपड्यांशेजारी वाळत होते. रिकामी पिशवीही.

बांधावरून पोतं येत होतं. एक कान आदेशकडे, एक पिंकीकडे. पोत्याला तिसरा कान नसतो, म्हणून गिरजाबाई मागून कमरेत वाकून ढकलत होत्या.

"वढते हां मी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बघून ठेव."