सुट्टी म्हटली की सुट्टी

“सर, पुढच्या पलंगाकडे जायच्या आधी ही सही.”

सिस्टर प्रियदर्शनी तायडे दोन पलंगांमधल्या अरुंद वाटेत उभी होती. हातात या पलंगावरच्या पंचफुलाचं डिस्चार्ज कार्ड. मोठे डॉक्टर थांबले, तसा त्यांच्या मागचा अख्खा राउंड थांबला.

“संध्याकाळी करतो ना. डॉक्टर नितेश लिहितील आधी.”

“लिहिलंय सर. काल आम्ही दोघांनी बसून तयार ठेवलं. आज तुम्ही तपासून सुट्टी म्हणालात. आता फक्त सही.”

तरुण डॉक्टर नितेश मान खाली घालून उभा होता, पण नाही म्हणाला नाही.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात सुट्टी सकाळच्या राउंडला मिळायची आणि कार्ड हाती पडायचं संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. बरी झालेली माणसं कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहायची आणि नवे आजारी बाहेर व्हरांड्यात चटईवर पडायचे. प्रियदर्शनीने मीटिंगमध्ये हे कितीदा तरी मांडलं होतं. ‘पाहू’ याच्यापुढे उत्तर गेलं नव्हतं.

मग गोवर्धन आला. न्यूमोनियातून उठला, सुट्टी झाली. तिकडे धामणगावला त्याची आई शेवटच्या अवस्थेत होती. दिवसभर तो टेबलापाशी येत राहिला. “सिस्टर, माय वाट पाहून राहिली ना माही.” प्रियदर्शनी फोन करत राहिली. सर ऑपरेशनमध्ये होते, नितेश ओपीडीत, आणि कार्डाशिवाय गेटवर कोणी सोडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्ड आलं, त्याच्या आधी माय गेल्याचा भावाचा फोन आला होता. गोवर्धनने कार्ड घेतलं, तिला हात जोडले आणि गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

आज दुपारी पंचफुलाच्या लेकीचं नांदगाव खंडेश्वरला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा.

“सिस्टर, राउंड अडवू नका,” सर आवाज न चढवता म्हणाले. “मला मेट्रनना सांगावं लागेल.”

“सांगा सर. पण या बाईंना सुट्टी तुम्हीच दिली. सुट्टी म्हटली की सुट्टी. आता त्यांना आजाराने नाही धरून ठेवलं, आपण धरून ठेवलंय.”

पंचफुला पलंगावरून उतरली. धुतलेलं लुगडं नेसून ती केव्हाची तयार होती.

“साहेब, सोयरे इचारतीन, पोरीची माय कुठी हाये? मंग घरचे काय सांगतीन? बरी हाये, पण दवाखान्यात हाये?”

वॉर्डात कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी कार्ड घेतलं, नीट वाचलं, एका गोळीचा डोस बदलला आणि सही केली. पुढच्या ज्या पेशंटला सुट्टी म्हणाले, त्याचंही कार्ड प्रियदर्शनीने त्यांच्यासमोर धरलं. त्या सकाळी ती एकदाही बाजूला झाली नाही.

दुपारी मेट्रन शालूताईंनी बोलावून घेतलं.

“राउंड अडवला म्हणून सर लेखी खुलासा मागून राहिले तुझ्याकडून. काहून करतं असं? नीट विनंती करायची.”

“विनंत्या करून झाल्या, ताई. खुलासा देते. उद्याही अडवणार आहे, तेही लिहिते त्यात.”

“बदली करतीन तुही.”

“करू द्या. दुसऱ्या वॉर्डातही माणसं बरी होतातच.”

शालूताईंनी खुलाशासाठी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, “जेवली का?”

ती वॉर्डात परतली तेव्हा पंचफुला कधीच निघून गेली होती. पलंगावर नवी चादर होती आणि व्हरांड्यातल्या चटईवरून आणलेली म्हातारी कडेला अंग चोरून बसली होती. पाय अजून जमिनीवरच होते.

“बाई, हा पलंग कोनाचा हाये? मले उठवतीन का मंग?”

“तुमचाच आहे, आजी. कोणी नाही उठवत.”

प्रियदर्शनी वाकली. म्हातारीचे मातीने माखलेले पाय तिने दोन्ही हातांनी उचलले आणि पांढऱ्या चादरीवर ठेवले.