सज्ज्याखालचं आग्या मोहोळ

गुफरान आणि शाइस्ता, दोघं नवरा-बायको मोहोळं काढायचं काम करायची. सोलापुरात कुणाच्या गॅलरीत, शाळेच्या कमानीखाली, टाकीच्या बुडाला माशा बसल्या की लोक त्यांना फोन करायचे. गुफरान वर चढायचा. शाइस्ता खाली शिडी धरायची, धुराचा डबा पेटता ठेवायची आणि घरच्या माणसांशी बोलायची. बोलणं तिच्याकडं असायचं, कारण गुफरान पटकन चिडायचा. चिडायची तीही, पण तिचा राग आत जायचा आणि तिथंच बसून राहायचा.

कुंभारीहून सिद्धारामचा फोन आला तेव्हा त्याच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता. मांडव अंगणात घालायचा होता आणि नेमकं अंगणावरच्या सज्ज्याला आग्या मोहोळ लोंबत होतं, परातीएवढं. दोघं दुपार कलताना पोचली. शाइस्तानं सगळ्यांना समजावलं की खरं काम अंधार पडताना होईल, तेव्हा माशा शांत असतात. आत्ता फक्त वर जाऊन अंदाज घ्यायचा. त्याआधी म्हातारीला आत हलवा, असंही ती म्हणाली.

म्हातारी म्हणजे सिद्धारामची आई, नागव्वा. अर्धांगवायूनं तिची एक बाजू गेली होती. दिवसभर ती अंगणात लिंबाखाली बाजल्यावर पडून असायची. सिद्धाराम म्हणाला की मांडववाल्याला गाठून येतो, मग आल्यावर उचलून आत नेतो, ती बायकांच्यानं उचलवत नाही. तो गेला. त्याची बायको आणि मुलगी दाराला कुलूप घालून शेजारी जाऊन बसल्या.

घर एकच होतं, पण वाटणीत दोन झालं होतं. पलीकडच्या भागात धाकटा भाऊ शिवप्पा राहायचा. दोघा भावांत अंगणावरून भांडण होतं आणि बोलणं बंद होतं. मधे भिंत घालायला शिवप्पानं पाया खणायला घेतला होता. चर अर्धवट पडला होता आणि पहार, फावडं तिथंच टाकलेलं होतं.

गुफरान सिद्धारामसाठी थांबायला तयार नव्हता; नुसतं बघून उतरतो म्हणत त्यानं अंगभर जाळीचा पोशाख चढवला आणि तो शिडीवर गेला. शाइस्तानं टोपी-जाळी, हातमोजे आणि जाड कोट घातला होता. तो सज्ज्यापर्यंत पोचला असेल-नसेल तोच शिवप्पा बाहेर आला. सज्जा माझ्या वाटणीत येतोय, मला न विचारता कुणी हात लावायचा नाही, असं तो म्हणाला. शाइस्तानं सांगितलं की सिद्धारामदादा येतील तेव्हा त्यांच्याशी बोला, आम्ही अजून कशालाच हात लावलेला नाही. त्याला ते ऐकायचंच नव्हतं.

"शिडी काढ," तो म्हणाला.

"दादा, माणूस वर हाय. त्याला उतरू द्या, मग काढते."

"मी सांगतोय, काढ."

वरून गुफराननं त्याला शिवी दिली. तेवढं पुरलं. शिवप्पानं शाइस्ताच्या पोटात लाथ घातली आणि ती कोलमडताच दोन्ही हातांनी शिडी ओढली. गुफराननं पडता पडता सज्ज्याची कड धरायला हात मारला, तो पोळ्यात गेला. अर्धं पोळं घेऊनच तो खाली आला. फरशीच्या कडेवर पाय आपटला आणि हाड मोडल्याचा आवाज शाइस्तानं स्पष्ट ऐकला. त्याच्या तोंडावरची जाळी कानापासून फाटली होती.

मग माशा आल्या. ऊस पेटल्यावर उठावा तसा आवाज करत त्या एकदम खाली आल्या आणि अंगणातला उजेडच मळला. शिवप्पा घरात पळाला. दाराची कडी लागल्याचं तिनं ऐकलं.

गुफरान किंचाळत तोंड दोन्ही हातांनी ओरबाडत होता. शाइस्तानं दोरीवर वाळत घातलेली जाड चादर ओढली आणि त्याच्या डोक्यावरून घातली, कडा त्याच्या अंगाखाली खुपसल्या. आतल्या माशा चादरीवरूनच बुक्क्यांनी चिरडल्या. त्या बुक्क्या त्याच्या नाकावर, ओठावर बसल्या. तिला दुसरं काही करता येत नव्हतं. तिच्या कोटाच्या गळ्यातून माशा आत शिरल्या होत्या आणि मानेवर डसत होत्या.

तेव्हा तिला नागव्वाचा आवाज आला. म्हातारी शिवप्पाला हाका मारत होती, पण आवाज कण्हल्यासारखाच निघत होता. तिचा एक हात चालत होता, त्यानं ती तोंडावरच्या माशा पुसत होती, आणि पुसलेल्या जागी लगेच दुसऱ्या बसत होत्या. एक डोळा सुजून मिटला होता. शाइस्ता तिच्याजवळ गेली, काखेत हात घालून ओढून पाहिलं, पण लाथ बसलेलं पोट आकडून आलं आणि ती गुडघ्यावर बसली.

ती शिवप्पाच्या दारावर गेली आणि हातानं, पायानं दार बडवलं.

"तुझी आई बाहेर हाय. दोघं मिळून उचलू. दार उघड."

"तूच आण की तिला," आतून तो म्हणाला. "मला मरायचं न्हाय."

शाइस्ता वळली. चरातली पहार तिनं उचलली. तिनं ती दारावर घातली नाही. शेजारच्या खिडकीची काच फोडली, मग चौकट फोडली, मग आतला पडदा पहारीच्या टोकानं ओढून बाहेर काढला. माशा तिच्या खांद्यावरून आत गेल्या. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं.

आत भांडी पडली, शिवप्पा बोंबलला, आणि दार उघडून तो बाहेर आला. डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. आईच्या बाजल्याला ठेचकाळून तो तिच्याकडं न बघता रस्त्याकडं धावला. शाइस्तानं पहार आडवी फिरवली. ती त्याच्या गुडघ्यावर बसली. तो तोंडावर पडला, टॉवेल सुटला, आणि उठू लागताच तिनं पुन्हा त्याच पायावर घाव घातला. मग तो उठला नाही. माशा त्याच्या मानेवर, टकलावर काळ्या थरासारख्या बसल्या.

पोटातली कळ तिला आता जाणवत नव्हती. तिनं बाजल्याचा एक पाय धरला आणि नागव्वाला बाजल्यासकट फरफटत शिवप्पाच्या उघड्या दारापर्यंत नेलं, तिथून कवटाळून उंबऱ्याआत घेतलं, आणि खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत ठेवलं. मग गुफरानला चादरीसकट ओढत आणलं. मोडलेला पाय उंबऱ्यावर आदळला तेव्हा त्याची शुद्ध गेली. तिनं त्या खोलीचं दार लावलं, आत आलेल्या माशा चपलेनं मारल्या आणि भिंतीला टेकून बसली.

बाहेर शिवप्पा हाका मारत होता. आधी शिव्या, मग सिद्धारामचं नाव, मग आईला, अव्वा, अव्वा.

"त्याला आण," नागव्वा म्हणाली. तिचे ओठ सुजून शब्द फुटत नव्हते.

"न्हाय," शाइस्ता म्हणाली.

चालत्या हातानं म्हातारीनं फरशी धरली आणि अंग दाराकडं ओढायला सुरुवात केली. वीतभर सरकायची, दम खायची. शाइस्ता बघत राहिली. बाहेरच्या हाका बारीक होत गेल्या. नागव्वाचा हात कडीकडं जायला लागला तेव्हा शाइस्ता उठली, तिला बाजूला केलं, आणि जाळी सारखी करून बाहेर गेली. शिवप्पाचे पाय धरूनच तिनं त्याला आत ओढलं. मोडलेला पाय धरू नये असं तिच्या मनात आलं होतं. तरी तिनं तोही धरला.

सिद्धाराम परत आला तेव्हा गावातली माणसं ओली पोती पेटवून धूर करत होती. एकाच गाडीतून चौघांना सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गुफरानच्या पायात सळई घातली. शिवप्पाचा गुडघा पुन्हा नीट वळणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि माशांच्या विषानं त्याची किडनीही काही दिवस बंद पडली होती. नागव्वाचा एक डोळा गेला.

पोलिसांना नागव्वानं पाहिलं तेवढं सगळं सांगितलं. पोरानं शिडी ओढली, हेही सांगितलं आणि त्या बाईनं पहारीनं पाय मोडला, हेही. शाइस्तानं नाकारलं नाही. दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. पुढं शिवप्पानं आपली तक्रार मागं घेतली. सिद्धाराम म्हणाला की शिवप्पाला दया आली नव्हती. कोर्टात उभं राहून आपण दाराला कडी लावून आत बसलो होतो, हे चारचौघांत बोलायचं त्याच्या जिवावर आलं. गुफराननं मात्र शिडीची तक्रार मागं घ्यायला नकार दिला, आणि शाइस्तानंही त्याला आग्रह केला नाही.

नागव्वाला घरी सोडायच्या दिवशी शाइस्ता बायकांच्या वॉर्डात गेली. कशाला जातेस, असं गुफराननं विचारलं होतं. म्हातारीनं उरलेल्या डोळ्यानं तिला बराच वेळ न्याहाळलं.

"माझं पोरगं लंगडं केलंस," ती म्हणाली.

"व्हय."

"मी किती हाका मारल्या त्याला तवा. तुला ऐकू आल्या?"

"आल्या."

"त्यालाबी आल्या असतील की."

नागव्वानं तोंड भिंतीकडं केलं आणि तिचा खांदा हलायला लागला. शाइस्ता खाटेच्या कडेला बसली. म्हातारीच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण तिनं तो ठेवला नाही. सिद्धाराम कागद घेऊन येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग म्हातारीला चाकाच्या खुर्चीत बसवायला तिनं दुसऱ्या बाजूनं हात लावला.